बारा पाकिटांनंतर

बहुजिवाणू कुष्ठरोगाचा, म्हणजे पाचांहून जास्त चट्टे असलेल्या प्रकाराचा, उपचार १२ पाकिटांचा असतो. एका पाकिटात २८ दिवसांच्या गोळ्या. पहिल्या दिवशीचा डोस कर्मचाऱ्यासमोर गिळायचा: रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३००, डॅप्सोन १००. उरलेले २७ दिवस घरीच, रोज क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. बारा पाकिटं १८ महिन्यांच्या आत संपवायची. मधला एखादा महिना चुकला म्हणून सगळं वाया जात नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर कापूस वेचणीत एक महिना गेला की माणूस ओशाळतो आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. चट्टे पाचपर्यंतच असतील तर सहा पाकिटांत काम होतं.

औषध फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत १९९५ पासून ते जगभर फुकटच मिळतं आणि आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतं. मग ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यांना काम काय उरलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. डिसेंबर २००५ मध्ये देशात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असं जाहीर झालं, तेव्हा देणगीदारांनीही हेच विचारलं होतं. त्या घोषणेचा अर्थ इतकाच होता, की उपचार चालू असलेले रुग्ण दर दहा हजारांमागे एकाहून कमी झाले. पाकिटं संपली की रुग्णाचं नाव त्या हिशेबातून निघतं. पायाची बधिरता मात्र तशीच राहते, आणि त्या पायांवर चालणारं घरही तसंच राहतं.

खरं तर घराला पहिला धक्का गोळ्याच देतात. रिफाम्पिसिनचा डोस घेतला की त्या दिवशी लघवी लाल होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त जातंय समजून पाकीट उकिरड्यावर टाकतो. क्लोफाझिमिननं दोन-तीन महिन्यांत कातडी काळवंडते, चट्ट्यांच्या जागी जास्तच. औषध थांबल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, पण त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर शेजारणीला उत्तर काय द्यायचं? ‘उन्हानं झालं’ हे पुरुषाला खपून जातं. नव्या सुनेला ते खपत नाही. म्हणून सासू आणि नवरा दोघांना समोर बसवून, रंग का बदलणार आणि तो कधी उतरणार, हे गोळी सुरू करायच्या आधी सांगावं लागतं. यात अर्धा तास जातो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत तेवढा वेळ कुणाकडे नसतो. चांगल्या मिशन दवाखान्यात तो काढला जातो, आणि माझ्या मते त्यांच्या सेवेतली पहिली मोलाची गोष्ट हीच.

हा वेळ काढायची सवय त्यांच्याकडे जुनी आहे, आणि तिचा इतिहास काही सगळाच अभिमानाचा नाही. वेलस्ली बेली नावाचा आयरिश तरुण १८६९ मध्ये अंबाल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन शाळेत शिकवायला आला आणि तिथल्या आश्रमात त्यानं कुष्ठरुग्ण पाहिले. पुढे १८७४ मध्ये डब्लिनजवळ त्यानं काही ओळखीच्या स्त्रियांना ही हकीकत सांगितली. त्यांनी वर्षाला ३० पौंड जमवून द्यायचं कबूल केलं. आजच्या लेप्रसी मिशनची सुरुवात ती. महाराष्ट्रात मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय, परतवाड्याजवळचं कोठारा, पोलादपूर, नाशिक ही नावं याच परंपरेतली. वर्ध्याजवळचं मनोहर दिवाणांचं दत्तपूर कुष्ठधाम १९३६ चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन १९४६ चं आणि बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. आपल्याकडे या तिघांची आठवण लगेच निघते, आणि ती निघायलाच हवी. त्यांच्याही आधी या कामाला हात घालणारी मंडळी मात्र मराठी लिखाणात क्वचितच भेटतात.

पण त्या जुन्या आश्रमांना कुंपणं होती. औषध नव्हतं, कडू कवठाच्या बियांचं तेल टोचायचं, ते दुखायचं आणि गुण बेताचाच यायचा. मग रोग थांबवायचा उपाय एकच दिसला, माणसं वेगळी ठेवणं. पुरुषांच्या चाळी एकीकडे, बायकांच्या दुसरीकडे. लग्न झालेल्या जोडप्यांचीही बऱ्याच ठिकाणी हीच गत. मूल झालं तर त्याला लागण होण्याआधी आईपासून उचलून निरोगी मुलांच्या वेगळ्या वसतिगृहात न्यायचं. हेतू वाईट नव्हता. त्यातली बरीच मुलं खरोखरच रोगापासून वाचली आणि शिकली. तरी आईला आठवड्यातून एकदा लांबूनच लेकरू दिसायचं, हीही त्याच दयेची बाजू होती. १८९८ चा लेपर्स अॅक्ट आल्यावर भीक मागणाऱ्या गरीब रुग्णाला पकडून आश्रमात डांबायची मुभा सरकारला मिळाली आणि सेवेच्या जागेला कोंडवाड्याची कळा आली. तो कायदा देशाच्या पुस्तकातून निघाला २०१६ मध्ये. आज हीच मिशनं ‘घरातच राहा, घरातच बरे व्हा’ असं सांगतात, तेव्हा त्यामागे शास्त्र आहेच. पण स्वतःच बांधलेली भिंत पाडण्याचं कामही आहे.

शास्त्र सोपं आहे. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत माणसाकडून लागण होण्याचा धोका संपतो. बहुतेक माणसांना या जिवाणूविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते. जिवाणू इतका आळशी, की एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून लागण आणि पहिला चट्टा यांच्यात सरासरी पाच वर्षं, कधी वीसही जातात. वेगळं ताट, वेगळी गोधडी, वेगळी खोली यातलं काहीच लागत नाही. पण हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. घरी गेलेल्या कार्यकर्त्यानं त्याच घरातला चहा त्याच कपात प्यायला, तर ते लवकर पटतं. येशूनं कुष्ठरुग्णाला हात लावला, ही मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती कार्यकर्त्याला पाठ असते. गावात त्याच गोष्टीला चहाच्या कपाचं रूप येतं.

आता पायाकडे येऊ, कारण घर उद्ध्वस्त होतं ते बहुधा पायापासून.

घोट्याच्या आतल्या बाजूनं जाणारी नस बिघडली की तळपाय बधिर होतो. काटा रुतला, खडा बुटात राहिला, चटका बसला, काही कळत नाही. पण बहुतेक जखमा काट्यानंही होत नाहीत. रोजच्या चालण्यानं, बोटांच्या मुळाशी जिथं हाडं टेकतात तिथं, दाब पडून पडून आतली कातडी मरते. तुम्हाआम्हाला तिथं दुखलं असतं, आपण जरा लंगडलो असतो, भार दुसऱ्या बाजूला टाकला असता. या माणसाला दुखत नाही म्हणून तो सरळ चालतो, आणि म्हणूनच जखम होते. पूर्वी लोक म्हणत, महारोगात बोटं झडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाअखेरीपासून हे चुकीचं ठरवायला घेतलं. रोग बोटं खात नाही. वेदना नसल्यानं माणूस स्वतःच, न कळत, ती झिजवतो, भाजतो, कापतो. रात्री झोपेत उंदीर कुरतडतात, हेही तिथंच ध्यानात आलं; तेव्हापासून बधिर हातांच्या रुग्णाला मांजर पाळायचा सल्ला देतात. तो सल्ला विनोदी वाटतो, पण कौलारू घरात धान्याच्या कणगीशेजारी झोपणाऱ्या माणसासाठी तो औषधाइतकाच कामाचा आहे.

पायाची रोजची निगा अशी. संध्याकाळी काम संपल्यावर पाय साध्या पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवायचे. गरम पाणी नको. घ्यायचंच असेल तर ते दुसऱ्यानं, किंवा स्वतः कोपरानं तपासायचं, बोटानं नाही. टाचेवरचं आणि कडेचं जाड कातडं भिजून मऊ झालं की खरखरीत दगडानं घासायचं. ब्लेड लावायचं नाही. मग पुसायचं, पण पूर्ण कोरडं करायचं नाही. ओलसर कातडीवर खोबरेल किंवा घरात जे असेल ते तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत राहतं. या नसा गेल्या की घाम येत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते आणि भेगेतून जखम सुरू होते. तेलाचं खरं काम हे. शेवटी पाय उजेडात धरून पाहायचा. कुठं लाल, कुठं गरम, कुठं सूज. हातही बधिर असतील तर चाचपून काही कळणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि डोळेही अधू असतील तर नातवाला बसवायचं. घरात हे काम कुणाचं, ते ठरवून द्यावं. बाईचे पाय पाहायला बहुतेक घरांत कुणीच नसतं. तीच सगळ्यांचं पाहते.

एवढं सांगून, एका प्लास्टिकच्या टबासकट घरी पाठवलं तरी महिन्याभरात टब कपडे भिजवायला लागतो. म्हणून गावातल्या सात-आठ जणांचा गट करतात आणि आठवड्यातून एकदा एकत्र पाय भिजवतात. तासभर गप्पा होतात, कुणाची जखम किती भरली ते सगळे बघतात. दवाखान्यातल्या पट्टीपेक्षा या बैठकीनं जास्त जखमा भरतात, हे सांगितलं तर पट्टीसाठी पैसे देणाऱ्याला जरा अवघड जातं.

चपलेचं प्रकरण स्वतंत्र. आतला थर मायक्रोसेल्युलर रबराचा असतो, सगळे त्याला एमसीआरच म्हणतात. जाडी दहा-बारा मिलिमीटर, आणि मऊपणा एवढा की चिमटीत धरून दाबला तर दबावा आणि सोडल्यावर लगेच उसळून वर यावा. त्याहून मऊ असेल तर आठवड्यात बसतो, कडक असेल तर उपयोग नाही. खाली टायरच्या रबराचा कडक तळवा, बाभळीचा काटा आरपार जाऊ नये म्हणून. दोन्ही थर डिंकानं चिकटवायचे. खिळा एकही मारायचा नाही, कारण झिजलेल्या चपलेतला खिळा वर येतो आणि पायात गेलेला कळत नाही. पट्टे वेल्क्रोचे, कारण वाकड्या बोटांना बक्कल लागत नाही. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर बधिर पायातून चप्पल कुठं निसटली तेही समजत नाही आणि माणूस एका पायानं अनवाणी घरी येतो. अंगठ्याची पट्टी नको. बोटांच्या बेचक्यात ती घासते.

पाय कागदावर ठेवून, उभं राहून आखून घ्यायचा. बसून आखलेला पाय लहान येतो आणि कडा बाहेर घासते. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची, काढून लाल डाग बघायचा, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. हे न सांगता दिलेली मऊ चप्पलसुद्धा जखम करते. शेतात रोज वापरली तर रबर सहा महिन्यांत बसतो, पावसाळ्यात चिखलानं डिंक सुटतो तो वेगळाच. सरकारी कार्यक्रमातही वर्षाला दोन जोड धरलेले आहेत. पण ते पोत्यातून तीन मापांत येतात, आणि बोटं आखडलेला, कडेवर चालणारा पाय त्या तिन्हींत बसत नाही. मिशनच्या दवाखान्यात चपला बनवणारा कारागीर असतो, हा खरा फरक. चांगला कारागीर आणखी एक गोष्ट करतो, चप्पल बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी बनवतो. सगळ्या रुग्णांना एकाच रंगाची, एकाच पट्ट्याची चप्पल दिली की एसटीत बसल्याबसल्या शेजारचा पाय पाहून माणूस ओळखतो. मग ती घरच्या खुंटीला टांगलेली राहते आणि पाय साध्या स्लीपरमध्ये जातो.

हातावर शस्त्रक्रिया होते, आणि ती चमत्कारासारखीच दिसते. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडतं, घास धरता येत नाही, सुई धरता येत नाही. दुसरं काम करणाऱ्या एका स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून बोटं सरळ करण्याच्या कामाला लावतात. पाऊल लोंबत असेल तर पायातलं एक टेंडन पुढे आणून बसवतात. उपचार पूर्ण झालेला हवा, निदान सहा महिने रिअॅक्शन (चट्टे आणि नसा अचानक सुजणं) नसावी, आधी व्यायाम, नंतर तीन-चार आठवडे प्लास्टर, पुन्हा तेवढाच काळ व्यायाम. म्हणजे धडधाकट माणसाचे दोन-तीन महिने गेले. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी हे सोडून विदर्भातला मजूर येणार नाही. फेब्रुवारी ते मे या काळात तारखा दिल्या तर येतो, आणि त्या काळात घरी धान्य पोचतं केलं तर शेवटपर्यंत राहतो. शस्त्रक्रियेतली मजुरी बुडते म्हणून सरकार भरपाई देतं, पण ती हप्त्यांनी आणि उशिरा मिळते. मधलं भगदाड संस्थेनंच बुजवायचं असतं.

आणि एक गोष्ट शस्त्रक्रियेआधीच घरच्यांना बजावायची: हालचाल परत येते, संवेदना येत नाही. हात आता चांगला पकडतो, म्हणून बाई उत्साहानं तवा उचलते. आखडलेला हात चुलीपासून लांब होता, सुधारलेला हात चुलीत जातो. चिमटा, लाकडी दांड्याचा कलथा, पातेल्याला धरायला जाड फडकं, विडी ओढणाऱ्यासाठी लाकडी होल्डर, हे सामान शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरलं पाहिजे. दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न असतो आणि नेमका तोच अंदाजपत्रकात नसतो.

रिअॅक्शनचंही घरालाच ओळखता आलं पाहिजे. उपचार चालू असताना किंवा संपून वर्ष उलटल्यावरसुद्धा चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, कोपर ठणकतं, चप्पल पायातून निसटायला लागते, डोळा पूर्ण मिटत नाही. बहुतेकांना वाटतं रोग उलटला, किंवा औषध बाधलं. हा शरीराचा जिवाणूंवरचा राग असतो, आणि त्यात नस जाते. नवा अशक्तपणा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू झालं तर नस बऱ्याचदा वाचते. दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून उतरत उतरत सुमारे १२ आठवडे. दोन आठवड्यांत बरं वाटतं आणि माणूस गोळ्या बंद करतो, ही नेहमीची चूक. त्याच्या उलटही घडतं: बरं वाटतं म्हणून दुकानातून त्याच गोळ्या आणून वर्षभर खातो आणि साखर वाढवून घेतो. दोन्ही टाळायला आठवड्याला एक फोन पुरतो, पण तो फोन करायला कुणाची तरी नेमणूक असावी लागते.

कागदांची लढाई वेगळीच. बोटांचे ठसे झिजलेले, त्यामुळे रेशन दुकानातलं यंत्र अंगठा घेत नाही. बुबुळावरून ओळख पटवायची सोय आहे, पण त्याचा स्कॅनर दुकानात असतोच असं नाही. संजय गांधी निराधार योजनेत कुष्ठरोगाचा समावेश आहे, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे तलाठी आणि तहसील अशा फेऱ्या आल्या, त्याही जखमेच्या पायानं. अपंगत्वाच्या दाखल्याचं तर अनेकांना माहीतच नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तीची व्याख्या आहे, आणि दिसणारी विकृती नसली तरी हातापायांची बधिरता तिच्यात धरलेली आहे. जिल्हा रुग्णालयात ‘हात तर सरळ दिसतोय’ असं म्हणून परत पाठवतात, तेव्हा कायद्याचं ते पान छापून बरोबर नेलेलं बरं. मिशनच्या समाजसेविकांच्या पिशवीत असं पान असतंच. त्यांनी कितीजणांचे दाखले काढून दिले याचे फोटो निघत नाहीत, म्हणून ते वार्षिक अहवालात शेवटच्या पानावर येतात.

लग्न हा विषय टाळता येत नाही. २०१९ पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यात लिहिलेलं होतं. हिंदू विवाह कायद्यात होतं, मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यात होतं, विशेष विवाह कायद्यात होतं, आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही होतं. ज्या समाजानं आश्रम बांधले त्याच समाजाच्या घटस्फोटाच्या कायद्यात हे कारण २००१ च्या दुरुस्तीनं आलं आणि २०१९ पर्यंत राहिलं, हे चर्चमध्ये कधीतरी मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे. कायदा बदलला तरी मुलीचं लग्न ठरवताना आईच्या हाताकडे पाहणं थांबलेलं नाही. कुष्ठवसाहतीत जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला रोगाचा स्पर्श नाही, पण पत्त्यात वसाहतीचं नाव आहे, आणि नोकरीच्या अर्जावर तो पत्ता बोलतो. मुलांच्या शिक्षणावर खर्च करताना फी आणि वह्यांइतकाच हा पत्ता लक्षात घ्यावा लागतो. नाशिकच्या लेप्रसी मिशनच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी रुग्ण आणि त्यांची मुलं यंत्रकाम, वीजकाम, शिवण असं शिकतात. प्रमाणपत्र सरकारमान्य परीक्षेचं असलं की कारखान्यातला फोरमन हात बघतो, आईवडील नाही.

उपजीविकेत सगळ्यात जास्त पैसा वाया जातो असं मला वाटतं. शेळ्या देणं सोपं, फोटो छान येतो. पण शेळ्या चारायला रोज मैलोनमैल चालावं लागतं, आणि पायाला जखम असलेल्या माणसाला शेळी दिली तर आपण त्याला नवी जखमच दिली. शेळी द्यायची तर ती बायकोच्या किंवा मुलाच्या नावानं, चारा बांधावर मिळत असेल तरच, आणि पावसाळ्याआधी लसीकरणाच्या पैशासकट. नाहीतर पहिल्या जुलैमध्ये आंत्रविषारानं निम्मा कळप मरतो. चहाची टपरी, वडापाव, दूध यातलं काही द्यायच्या आधी गाव त्याच्या हातचं खातं का, हे विचारावं. बांगड्या, सायकल दुरुस्ती, शिलाई, मोबाईल रिचार्ज यांत ही अडचण कमी येते. बचतगट फक्त रुग्णांचाच केला तर गावात त्याला नाव पडतं. दहा बायकांत तीन-चार रुग्णघरच्या असल्या की कर्ज फिरतं आणि नावही पडत नाही. हे सगळं करायला वेळ लागतो. त्यापेक्षा ३० जानेवारीला, कुष्ठरोगविरोधी दिनी, किंवा नाताळात ब्लँकेटं वाटणं स्वस्त पडतं. ब्लँकेट वाईट नाही, थंडी खरीच असते. पण ते घेताना रांगेत उभं राहिलेला माणूस त्या दिवशी पुन्हा एकदा सगळ्या गावासमोर कुष्ठरोगी ठरतो.

धर्मांतराचा प्रश्न कुणीतरी विचारतोच, म्हणून सांगतो. बऱ्याच मिशन दवाखान्यांत ओपीडी सुरू होण्याआधी प्रार्थना होते. रुग्ण त्या वेळी बाहेर विडी ओढत बसला तरी त्याचा नंबर मागे जाऊ नये, एवढी शिस्त पाळली की बहुतेक शंका उरत नाहीत. मदतीच्या पिशवीत तांदळाबरोबर पुस्तिका घालायची नाही, हेही जाणते लोक कटाक्षानं पाळतात. जे पाळत नाहीत ते बाकीच्यांचंही नुकसान करतात. श्रद्धा कार्यकर्त्याला सकाळी उठवते, ते पुरेसं आहे. ओरिसात बारीपदा इथल्या कुष्ठाश्रमात काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं १९९९ मध्ये जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढची काही वर्षं काम चालू ठेवलं. त्या घटनेवर बोलणारे पुष्कळ, पण त्या आश्रमात रोज किती पट्ट्या बदलल्या जात होत्या हे विचारणारे कमीच.

पैशाची आजची अडचण कोरडी आणि कायदेशीर आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली: एका संस्थेनं आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. मोठ्या मिशनकडून तालुक्याच्या लहान मठाला किंवा दवाखान्याला जाणारी वाट त्यामुळे बंद झाली. कात्री आधी कुणावर चालते? चपला बनवणारा कारागीर, फिजिओथेरपी सहायक आणि फोन करणारी समाजसेविका. डॉक्टर राहतो, इमारत राहते.

तेव्हा मुंबई-पुण्याहून किंवा अमेरिकेतून कुणाला अशा संस्थेला देणगी द्यायची असेल, तर संस्थेला हे विचारावं: चपला कोण बनवतं, आणि ती व्यक्ती पगारी आहे का. उपचार संपल्यावर रुग्णाला किती वर्षं बघता. घरातल्या सगळ्यांची तपासणी वर्षातून एकदा उजेडात, पाठीचे कपडे काढून होते का, की ओळीनं नावं लिहून घेतात. संपर्कातल्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस देण्याची पद्धत सरकारी कार्यक्रमातही आहे. प्रौढाला ६०० मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्या बाळाला नाही, आणि आधी क्षयरोगाची व कुष्ठरोगाची लक्षणं नाहीत हे बघून. त्यानं पहिल्या दोन वर्षांत रोग होण्याचा धोका सरासरीनं निम्म्याहून जास्त घटतो, घरातल्या सख्ख्यांत त्याहून कमी. पण शेजाऱ्यांना गोळी द्यायची तर ‘कुणामुळे?’ हा प्रश्न येतो. रुग्णाची संमती न घेता दारोदार गोळ्या वाटल्या की त्याचं घर गावात उघडं पडतं. संस्था संमती कशी घेते आणि रुग्ण नाही म्हणाला तर काय करते, हे तिच्याकडून सविस्तर ऐकावं. काही ठिकाणी आजूबाजूच्या वीस-पंचवीस घरांची सर्वसाधारण त्वचा तपासणी ठेवतात, खरूज-नायटाही त्यातच बघतात, आणि गोळी त्या गर्दीत देतात.